ताईची किडनी
ताईने किडनी दिल्यावर तिचा धाकटा भाऊ पुन्हा सलूनमध्ये केस कापू लागला होता. हल्ली मात्र त्याच्या मांडीचं हाड आतून ठणकायचं. आजारपणातही हाडं अशीच दुखायची, तेव्हा नवी किडनीही बिघडली असणार, असं त्याच्या मनाने घेतलं आणि त्या धास्तीने तो गप्प राहिला. एकदा गिऱ्हाइकासमोरच तो कळवळून खाली बसला, तेव्हा ताईने त्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रक्त तपासलं, हाडांची घनता मोजली, एक्स-रे काढला. "किडनी छान चाललीय," बाई म्हणाल्या, "पण हाडं ठिसूळ झालीत, मांडीच्या हाडाला बारीक चीर पडलीय. आजारपणात ती झिजलीच होती, त्यात किडनी टिकवायला दिलेल्या स्टेरॉइडने भर घातली. काही दिवस कुबड्या वापरा, हाडांचं औषध सुरू करू. स्टेरॉइडही कमी करावं लागेल, त्यात किडनीला थोडा धोका आहे." "मग नको, कमी करू नका," भाऊ घाईघाईने म्हणाला, "ती ताईची आहे." "अरे, मी काय ती तुझ्याकडे सांभाळायला ठेवलीय का?" ताई कडाडली. "तू चालावंस म्हणून दिलीय. कमी करा, बाई." पुढच्या रक्ततपासणीपर्यंत दोघांचाही जीव टांगणीला लागला. निकाल घ्यायला ताई आत गेली आणि डोळे पुसतच बाहेर आली. भाऊ धडपडत उठला. "काय झालं, ताई?" "काही झालं नाही रे," ती हुंदका आवरत म्हणाली, "म्हणूनच रडतेय."