सुटलेली तार

सुनेने बोलावलं म्हणून रेडिओ दुरुस्त करणारा मास्तर आला होता. "तबकडी लावली की गाण्यामागे नुसतं घुमतं हो. कान किटले माझे," असं म्हणून ती कामावर निघून गेली. सासरे खुर्चीत बसून होते.

मास्तरने सुई पुसली, तिचा भार तपासला. मग मागे वाकून पाहिलं, तर घुमणं अडवणारी अर्थची तार ॲम्प्लिफायरच्या स्क्रूवरून सुटलेली. त्याने ती घट्ट आवळली. तबकडी लावली, तर गाणं कसं नितळ झालं.

म्हाताऱ्याचा चेहरा मात्र उतरला. "गप्प केलंस ना हिला?"

"कोणाला, आजोबा?"

"आमची ही भांडी आवरताना गाण्यामागून अशीच गुणगुणायची. ती गेल्यावर तेवढीच सोबत उरली होती रे."

 मास्तरने तार पुन्हा सोडवली. घुमणं परत आलं, आजोबांनी समाधानाने डोळे मिटले.

तबकडी संपली. मास्तरने सुई उचलली, बटण बंद केलं, भिंतीतली पिनही काढली. तरी गुणगुण चालूच.

पिन हातात धरून तो तसाच उभा राहिला. स्पीकरमधली गुणगुण क्षणभर थांबली, कुणीतरी श्वास घेतला, आणि पुढचं कडवं सुरू झालं.