ताटावरची दोन नावे

श्रीरामपूरच्या सराफ बाजारातील आपल्या पॉलिशच्या दुकानात परवेझभाईंनी चांदीचे ताट उजेडात धरले. काठावर ‘मृण्मयी – कौस्तुभ’ अशी नावे कोरलेली होती.

“मोठीच्या लग्नातलं ताट,” नीलांबरीबाई म्हणाल्या. “ती गेली, त्याला वर्ष झालं. आता धाकटीच्या, मनवाच्या लग्नात हेच द्यायचंय. नाव तेवढं काढायचं.”

मनवा शेजारीच बसली होती. यंत्रावरच्या थांबलेल्या चाकाकडे ती पाहत होती.

“कापडी चाकानं नुसती चकाकी येईल, काकू. कोरलेलं घालवायचं तर फेल्टचं कडक चाक लागेल. चांदी थोडी झिजेल.”

“झिजू द्या.”

“आणि नवरीबाई एवढ्या गप्प? ताट पसंत नाही वाटतं,” परवेझभाईंनी तिला हसवून पाहिले. त्यांनी फेल्टचे मोठे चाक यंत्राला बसवले. “याच्यानं दोन्ही नावं एका दमात जातील.”

मनवाने ताटावर हात ठेवला.


“लहान चाक लावा, भाई. ‘कौस्तुभ’ राहू द्या. मलाही त्यांनाच दिलंय.”