सोमवारचे बारा डबे

नव्या औषधाचा अभ्यास यशस्वी झाला असता तर डॉक्टरीणबाईंच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या: विभागप्रमुखाची खुर्ची, परदेशातलं व्याख्यान आणि एका दुर्मिळ आजारावरचं पहिलं औषध शोधल्याचा मान. कंडक्टरबाईंच्या पदरात एकच पडणार होती. त्यांची पाच वर्षांची लेक चिमणी दिवसातून दहा वेळा कोसळायची, ती कोसळायची थांबणार होती.

चिमणीच्या शरीराला साखर मेंदूपर्यंत पोचवता येत नव्हती. मेंदू उपाशी राहिला की फिट यायची. अशी बारा मुलं डॉक्टरीणबाईंनी हुडकून काढली होती. सहा जणांच्या डब्यात औषधाची पावडर; सहा जणांच्या डब्यात तशीच दिसणारी, तशाच चवीची साधी पावडर. कोणाला कुठली, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. सहा महिन्यांनी बंद पाकीट उघडायचं, तेव्हाच कळायचं.

हे सगळं पहिल्याच दिवशी समजावून सांगून सह्या घेतल्या. कंडक्टरबाईंनी सही केली, पण गप्प बसणं त्यांच्या नोकरीतच बसत नव्हतं.

"म्हणजे लेकरांच्या चिठ्ठ्या टाकल्या म्हणा की."

"ताई, त्याशिवाय औषध लागू पडतंय की नाही, ते सिद्ध होत नाही."

"माझ्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नसली, तरी लेकुरवाळीसाठी आम्ही माणसं सरकवतो. तुम्ही सहा जणांना रस्त्यातच उतरवताय, आणि वर तिकीटही फाडताय."

डॉक्टरीणबाई हसल्या. कंडक्टरबाई हसल्या नाहीत. त्या तणतणत बाहेर आल्या. बाकावर शिवणवाल्या मावशी नातवाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"उगाच डोकं फिरवून घेऊ नका, बाई. सही दिलीय ना?"

"सही दिलीय, मावशी. अक्कल नाही दिली."

त्या दिवसापासून बारा मुलांना घेऊन येणाऱ्या बाराजणींची गट्टी जमली. दर सोमवारी डबे हातात पडले की त्या कँटीनच्या मागच्या खोलीत तासभर बसायच्या. मावशींच्या खांद्याला भलीमोठी पिशवी असायची.

"काय बेत आज?" सिस्टर दारातून चिडवायची.

"असेल ते. सगळ्यांना सारखं," मावशी म्हणायच्या आणि दार लोटून घ्यायच्या.

आठवड्याच्या शेवटी डबे परत यायचे, ते सिस्टर काट्यावर ठेवायची. बाराही डबे चाटूनपुसून रिकामे. इतक्या शिस्तीच्या आया आपण कधी पाहिल्या नाहीत, असं डॉक्टरीणबाई कौतुकाने सांगत.

चिमणीचे झटके दहावरून पाचवर आले. कंडक्टरबाईंनी शाळेच्या दप्तराची चौकशीसुद्धा करून ठेवली.

सहा महिन्यांनी पाकीट उघडलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी कंडक्टरबाईंना आणि मावशींना आत बोलावलं.

"पावडर आजपासून बंद. औषध बनवणाऱ्या कंपनीने कालच हात वर केले."

"बंद?" कंडक्टरबाईंनी झटक्यांची वही टेबलावर आपटली. "दहाचे पाच झाले. तारीखवार लिहिलंय. तुम्ही वाचता, की नुसतं फायलीला लावता? लेकरू सावरायला लागलं की तुमचा अभ्यास संपला. खुर्ची मिळाली वाटतं?"

"खुर्ची गेली, ताई." डॉक्टरीणबाईंनी वही हळूच सरळ केली. "चिमणीच्या डब्यात औषधच होतं."

"मग?"

"मावशींच्या नातवाच्या डब्यात साधी पावडर होती. त्याचेही चौदाचे सात झाले. बाराही मुलांचे झटके निम्म्यावर आले. साध्या पावडरीने जे होतं तेच औषधाने होत असेल, तर त्याला औषध कोण म्हणेल? सहा मुलांचे झटके पूर्ण थांबतील, असा माझा अंदाज होता. कुठे चुकलं, तेच कळत नाही."

कंडक्टरबाईंनी मावशींकडे पाहिलं.

मावशींनी पिशवी पोटाशी घट्ट धरली होती. आत थोरलं पातेलं होतं, कालथा होता आणि मापाचा चमचा. दर सोमवारी बारा डबे त्या पातेल्यात रिकामे व्हायचे, कंडक्टरबाई स्वतः पावडर एकजीव करायच्या आणि चमचा-चमचा मोजून पुन्हा बारा डबे भरायच्या. कोणाचंही लेकरू वगळायचं नाही, हे त्यांनीच ठरवलं होतं. सहा जणांचं औषध बाराजणांनी खाल्लं. किंमतही बाराजणांनीच मोजली, सारखी.