विटांचा ढीग

गवंडी नवरा कामावरून उरलेल्या विटा घरामागे रचून ठेवायचा. "लागतील कधीतरी," हे त्याचं पालुपद. त्या ढिगात घोणस शिरली. घरच्या कुत्र्याने सापाच्या वाटेला जाऊ नये म्हणून नवऱ्याने त्याला साखळीने मागच्याच खांबाला बांधलं. घोणस बाहेर पडली तेव्हा बिचाऱ्याला पळताही आलं नाही. महिन्याभराने बायकोने नवं पिल्लू आणलं. दुसऱ्याच दिवशी विटांवर घोणस पुन्हा दिसली. नवऱ्याने खिळ्यावरची तीच साखळी काढली. "याला बांधायलाच हवं." बायकोने साखळी हिसकावली. "पिल्लू मोकळं राहील. विटा हलवा." "अगं, अख्ख्या विटा आहेत! लागतील कधीतरी!" तिने साखळीचं एक टोक खांबाला अडकवलं, दुसरं त्याच्यापुढे धरलं. "मग तुम्हीच बसा इथे, गळ्यात अडकवून. घोणस आली की हाक मारा." नवऱ्याने फोन काढला. "आधी सर्पमित्राला लावा," ती म्हणाली, "मग टेम्पोवाल्याला."