मापाचं पॅन

अर्लला माती देऊन तीन आठवडे झाल्यावर त्याची बायको लॉर्ना त्यानं शर्यतीच्या मोटारीसाठी ड्वेनच्या दुकानातून नेलेलं, इंजिनाखाली बसवायचं तेलाचं पॅन घेऊन परत तिथं आली. पॅनच्या खोक्यावर अर्लच्या अक्षरात ‘बदलणे’ लिहिलं होतं, म्हणून बदलायचं. तिचं डोकं सध्या तेवढंच चालत होतं. “न मोजताच नेलं की काय म्हाताऱ्यानं?” ड्वेननं विचारलं. “अर्लनं? तो केकसुद्धा पट्टी लावून कापायचा.” ड्वेननं पॅनमध्ये वाकून पाहिलं. तळाला, इंजिन कुठवर टेकतं ते मोजायला दाबलेली चिकणमाती होती. इंजिनाचा दांडा तिच्यात घासून गेला होता. “मोजलंय गं त्यानं. हे उथळ पडतंय. याला खोल पॅन लागेल. एवढी माती खरवडतो नि देतो बदलून.” मातीत अर्लच्या अंगठ्याचा ठसा होता. लॉर्नानं त्यात आपला अंगठा ठेवून पाहिला. सैल बसला. “खोल पॅन दे,” ती म्हणाली, “पण हेही माझ्याकडं राहू दे. बसत नसलं तरी.”