जेरोमची वाचा

"वाचा गेलीय ह्याची," डॉक्टर परीक्षित पडद्यावरच्या स्कॅनवर बोट ठेवून म्हणाले. "रक्त साकळलंय ते नेमकं बोलण्याच्या जागेपाशी. दुपारपर्यंत बडबड अशीच राहिली, तर कवटी उघडावी लागेल. मग वाचेल की नाही, सांगता येत नाही."

जेरोम काल बहरीनच्या झिंज भागातल्या एका इमारतीच्या परांचीवरून पडला होता. शुद्धीवर आल्यापासून तो पुटपुटत होता. कामावर हिंदी आणि फोनवर मराठी बोलणारा हा माणूस. आता मात्र त्याच्या बोलण्याचा अर्थ कुणालाच लागेना. गोव्याच्या सिस्टर कान लावून गेल्या. कोंकणी नव्हे, म्हणाल्या.

कस्तुरी त्याचं तोंड पुसत होती. साताऱ्याकडची ही नर्स रोज पहाटे स्तोत्र म्हणून मगच ड्यूटीवर यायची. लहानपणी पाठ केलेल्या त्या संस्कृतातलं निम्मं तिला आजही कळत नसे. पण न कळणारे शब्द वेगळे आणि नुसता आवाज वेगळा, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिचा हात थबकला. मघाचाच सूर पुन्हा आला. तिथेच चढला, तिथेच उतरला, शेवटी एक श्वास. जेरोमचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता.

"सर, हा बडबडत नाहीये. जप करतोय."

"सिस्टर, तुम्हाला एसीच्या घरघरीतही ओंकार ऐकू येतो," डॉक्टर हसले. "थिएटर तयार ठेवायला सांगा."

"सांगते ना, मी कुठे अडवतेय? फक्त कागदावर ह्याचं गाव बघा. कोर्लई. तिकडचं काही बोलणं असेल का हे?"

डॉक्टरांची मान वर झाली. "कोर्लई? अहो, तिथला किल्ला पोर्तुगीजांचा! पुण्याहून सहलीला गेलो होतो आम्ही. गावातले ख्रिस्ती लोक घरात अजून त्यांच्यासारखंच बोलतात म्हणे. आम्हाला ती थाप वाटली होती."

ते सांगत गेले, तशी कस्तुरी थक्क होत गेली. मिरी, घोडे आणि मोती यांच्यामागे ती माणसं केवढा समुद्र ओलांडून आली! कितीतरी वाटेतच बुडाली. उरलेली चौलच्या खाडीला लागली, इथे बहरीनलाही येऊन किल्ला धरून बसली. जुलूम केले, तेही खरंच. पण काही शिपाई कोर्लईत लग्नं करून तिथलेच झाले. पुढे राज्य गेलं, व्यापार गेला. भाषा मात्र तिथल्या आयांनी पिढ्यान्‌पिढ्या चुलीपाशी जपली.

"पोर्तुगीज..." डॉक्टर मध्येच थांबले. "अहो, आपला वरच्या मजल्यावरचा गुडघा! तो फुटबॉल कोच ब्राझीलचा. तीच गलबतं तिकडेही गेली होती, तिकडेही हीच भाषा. यल्ला, चला सिस्टर, व्हीलचेअर घेऊन जा!"

कोच रोजेरिओ गुडघा पुढे ताठ करून खाटेशी आला. ऐकता ऐकता त्याचं तोंड उघडंच राहिलं. त्याने वाकून हळूच काही विचारलं. पुटपुट थांबली. जेरोमने डोळे उघडले आणि उत्तर दिलं. मग दोघांचं बोलणं सुरू झालं, अडखळत, एकेक शब्द चाचपत.

"आमचंच आहे, पण फार जुनं," रोजेरिओ मोडक्या इंग्रजीत म्हणाला. "निम्मं कळतं. नाव जेरोम सांगतो. आपण बहरीनमध्ये आहोत, हेही. परांचीची दोरी तुटली, म्हणतो."

डॉक्टरांनी फोन उचलला. "थिएटर नको. घरची भाषा शाबूत आहे, शिकलेल्याच अडल्यात. आपण वाट बघू."

कस्तुरीचे हात आपोआप जोडले गेले. "त्यांना विचारा ना," ती रोजेरिओला म्हणाली, "कालपासून देवाकडे काय मागतायत?"

रोजेरिओने विचारलं. उत्तर ऐकून तो मोठ्याने हसला, आणि मग त्याने डोळे पुसले.

"तो म्हणतो, देवा, इथल्या सगळ्यांची वाचा गेलीय. ही बाई चांगली आहे, हिला तरी आधी बोलतं कर."