लोवेलचं खोकं

रेडिओतले काचेचे व्हॉल्व्ह तपासायचं माझं जुनं लष्करी यंत्र एक सुटा भाग मिळेना म्हणून वर्षभर बंद होतं. ओहायोतला एकही जुना बाजार मी सोडला नव्हता. तसंच यंत्र मित्राकडे, लोवेलकडे होतं. तो कॉफी आणायला आत गेला तेवढ्यात मी त्यातला भाग काढला आणि माझा मरतुकडा तिथे बसवला.

महिन्याने लोवेल खोकं घेऊन आला. "चाळीस वर्षं जमवलेले व्हॉल्व्ह. माझं यंत्र म्हणतं, सगळे गेले. माझ्यासारखेच म्हातारे! तुझ्या यंत्रावर लावून बघ, नाहीतर फेकून दे. हा नाद आता पुरे."

मी एकेक लावला. दर वेळी काटा थेट वर, 'चांगला'च्या खुणेवर गेला.

संध्याकाळी त्याचा फोन आला. "काय रे, एखाद्यात तरी धुगधुगी आहे का?"

खरं सांगायचं तर चोरीपासून सुरुवात करावी लागली असती.

"एकही नाही," मी म्हणालो.